पेढीचे नाव कोणाच्या नावावर?

गेल्या चैत्रात सांगलीतील एका परिचित कुटुंबाच्या वाटणीला पंच म्हणून बसण्याचा प्रसंग आला. घर वाटले जात असताना मध्ये बसणे हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये असे काम; पण त्या घराशी वडिलांपासूनचा संबंध असल्याने नाही म्हणता आले नाही. हळद आणि मसाल्यांचा तीन पिढ्यांचा व्यापार. दोघे भाऊ, दोघेही सज्जन, दोघांचीही मुले आता हाताशी आलेली. भांडण असे नव्हतेच. एका छपराखाली दोन चुली मावेनाशा झाल्या, एवढेच.

कागदावर यादी उतरत गेली. गणपती पेठेतील दुकान, गोदाम, दळणाची यंत्रे, टेम्पो, शिल्लक माल, येणी आणि देणी. दोन बैठकांत सारे मार्गी लागले. आजोबांच्या काळचा पितळी वजनांचा संच धाकट्याला हवा होता, तो थोरल्याने न मागता त्याच्यापुढे ठेवला. त्या क्षणी आम्हा पंचांनाही बरे वाटले. आता सह्या करायच्या, इतक्यात धाकट्याची मुलगी दारातून हळूच म्हणाली, "काका, आणि ते पान कोणाकडे राहणार?"

मला प्रथम अर्थबोधच झाला नाही. पान म्हणजे इन्स्टाग्रामवरील पेढीचे पान. तिने ते चार वर्षांपूर्वी उघडलेले, स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर. मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर पाकीटबंद हळद विकण्याचे खाते थोरल्याच्या मुलाच्या खासगी ई-मेलवर होते. ज्या व्हॉट्सॲप क्रमांकावर गावोगावचे दुकानदार मागणी नोंदवीत, तो क्रमांक निवृत्त झालेल्या दिवाणजींच्या नावे घेतलेला. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद कोणी केली, हे तर कोणालाच आठवेना. दुकानाचे खरेदीखत होते, गोदामाचा करार होता, टेम्पोची कागदपत्रे होती. ज्या दारातून आज निम्मे गिऱ्हाईक आत येते, त्या दाराचा मात्र एकही कागद पेढीच्या नावावर नव्हता. सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, "आमचे व्हॉट्सॲप आहे, नकाशावर नाव येते, मुले इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात; मग स्वतःची वेबसाइट हवीच कशाला?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मला विचारला आहे, आणि आजवर मी त्याचे उत्तर जाहिरातीच्या अंगाने देत आलो. वेबसाइट असली की लोकांना दिसाल, नवे गिऱ्हाईक मिळेल, वगैरे. त्या वाटणीच्या बैठकीपासून मला वाटू लागले आहे की ते उत्तर अपुरे होते. वेबसाइट ही जाहिरात नाही. ती मालमत्ता आहे. तिचा विचार जाहिरातीच्या खर्चात नव्हे, दुकानाच्या जागेसोबत केला पाहिजे.

मुंबईच्या बाजारांत ज्यांनी पागडीच्या गाळ्यात आयुष्य काढले, त्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. पागडीला निदान कायद्याचे संरक्षण तरी असते. समाजमाध्यमावरील पान हे त्याहूनही कच्चे. तेथे आपण भाडेकरूदेखील नसतो. दुसऱ्याच्या ओसरीवर माल मांडून बसलेले असतो. ओसरी प्रशस्त आहे, वर्दळ मोठी आहे, भाडे नाही, म्हणून बसणे गैर नव्हे. परंतु मालकाने ओसरी पाडायची ठरविली, तर तो आपल्याला विचारणार नाही.

हे मी भीती घालण्यासाठी म्हणत नाही; आपल्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. कारण सुरक्षिततेचे होते आणि त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. पण साडीवाल्यापासून मिठाईवाल्यापर्यंत ज्यांनी आपले गिऱ्हाईक तेथेच जमविले होते, त्यांचे ते गिऱ्हाईक पत्त्यावाचून विखुरले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हे तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. आपल्याकडे ती रात्रीची वेळ होती म्हणून फार जाणवले नाही. आणि तिसरे उदाहरण तर आपल्यासारख्यांच्या अगदी जवळचे. गुगलने नकाशावर नोंद असलेल्या छोट्या व्यवसायांना एक फुकट, एका पानाची वेबसाइट करून दिली होती. आपल्या अनेक दुकानदारांनी तोच पत्ता पाकिटांवर, पिशव्यांवर, लग्नपत्रिकेमागील शुभेच्छांतही छापला. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सेवाच बंद केली. काही महिने तो पत्ता उघडला की नकाशावरील नोंद दिसे. नंतर तेही थांबले. गुगलने कोणाला फसविले असे नाही. पूर्वसूचना दिली होती, आणि फुकट दिलेली वस्तू त्यांनी परत घेतली. छापलेल्या पिशव्या मात्र आपल्या होत्या.

आता स्वतःची वेबसाइट म्हणजे नेमके काय, हे एकदा नीट पाहू. कारण येथेच घोटाळा होतो. तिचे तीन भाग असतात. पहिला भाग नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरा भाग जागा, म्हणजे ज्या यंत्रावर आपला मजकूर ठेवलेला असतो ते होस्टिंग. तिसरा भाग प्रत्यक्ष मजकूर आणि छायाचित्रे. व्यापाऱ्याच्या भाषेत पाटी, गाळा आणि माल. यांपैकी गाळा केव्हाही बदलता येतो. आज एका कंपनीकडे जागा घेतली, तिने दर वाढविले, सेवा नीट दिली नाही, तर माल उचलून दुसऱ्या कंपनीकडे मांडता येतो. आणि गिऱ्हाईक जुनाच पत्ता लिहून नव्या गाळ्यात येते, त्याला गाळा बदलल्याचे कळतही नाही. पाटी आपल्या हाती असल्याचा हा लाभ. समाजमाध्यमावर किंवा ऑनलाइन बाजारपेठेत पाटी, गाळा आणि गिऱ्हाईकांची यादी ही तिन्ही एकाच मालकाची असतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. डोमेनही कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या बोलीवर, आणि डॉट कॉम व डॉट इनसारख्या नावांबाबत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत, नोंदवून मिळते. म्हणजे हाही एक भाडेपट्टाच. पण तो असा पट्टा की ज्याचे नूतनीकरण करण्याचा पहिला अधिकार आपला, आणि मुदतीत पैसे भरले तर सहसा कोणी उठवू शकत नाही. शिवाय या नावाला कायद्याने मान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या प्रकरणात, डोमेन-नावाला व्यापारचिन्हाची वैशिष्ट्ये असू शकतात आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपविणाऱ्याविरुद्धचा दावा येथेही चालतो, असे सांगितले. डॉट इन नावांच्या तंट्यांसाठी तर लवादाची स्वतंत्र व्यवस्था आहे. कोर्टाची पायरी चढावी लागू नये हे खरे. पण ज्या गोष्टीसाठी ती चढता येते, तीच मालमत्ता.

आता त्या सांगलीच्या पेढीचेच उदाहरण घेऊ. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाची हळद घ्यावी असे पुण्यातल्या, सुरतेतल्या, दुबईतल्या माणसाला वाटू लागले. तो शोध घेतो. बाजारपेठेच्या ॲपवर त्याला पाकिटांची रांग दिसते. सर्वांची छायाचित्रे पिवळी, सर्वांवर 'शुद्ध' हा शब्द. यांतली कोणती पेढी खरोखर सांगलीच्या बाजारात उभी राहून लिलावात माल उचलते, आणि कोण दुसऱ्याकडून पोते घेऊन पाकीट भरते, हे त्याला कसे कळावे? तेथे निवड होते ती दरावर, आणि दराच्या शर्यतीत तीन पिढ्यांची पत उपयोगी पडत नाही.

स्वतःच्या जागेत मात्र ही पत मांडता येते. राजापुरी आणि सेलम यांत फरक काय, नवा माल बाजारात केव्हा येतो, हळकुंड घेऊन घरी दळावे की पूड घ्यावी, लोणच्याला कोणती आणि रोजच्या भाजीला कोणती. हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत पूर्वी हळद कशी साठवीत. गल्ल्यावर बसून आपण हे दिवसातून दहा वेळा सांगतो. ते एकदा चांगल्या मराठीत लिहून ठेवले की रात्री अकरा वाजता शोधणाऱ्या गृहिणीलाही ते सापडते. आपल्यापैकी बहुतेकांच्या वेबसाइटवर इंग्रजीत 'आम्ही गुणवत्तेला सर्वोच्च महत्त्व देतो' अशा अर्थाची चार वाक्ये असतात, जी सिमेंटच्या दुकानालाही चालतील. त्यापेक्षा आपल्या वडिलांनी हळकुंड मोडून माल कसा पारखला जातो हे ज्या शब्दांत सांगितले, ते शब्द लिहावेत. तोच मजकूर दुसऱ्या कोणाकडे नसतो.

दुसरे प्रकरण विश्वासाचे, आणि सध्याच्या दिवसांत ते अधिक गंभीर. एखाद्या नामांकित पेढीचे नाव, तिच्याच दुकानाचा फोटो लावून दुसराच कोणी खाते उघडतो, स्वस्त दर सांगतो, आगाऊ रक्कम घेतो आणि नाहीसा होतो. गिऱ्हाईक मग खऱ्या दुकानात येऊन जाब विचारते. अशा वेळी 'आमचा खरा क्रमांक हा, आमच्या बँक खात्याचे नाव हे, याखेरीज कोणालाही पैसे पाठवू नयेत' हे ठामपणे सांगण्याची एक जागा असावी लागते, आणि ती जागा अशी हवी की जिची नक्कल सहज होत नाही. नकाशावरील नोंद त्यासाठी पुरेशी नाही. तीत बदल सुचविण्याची सोय कोणालाही असते. दुकान उघडे असताना 'कायमचे बंद' अशी खूण लागल्याचा अनुभव काहींनी घेतला असेल. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा कोणते दुकान केव्हा उघडले, कोणी तात्पुरते कोठे हलविले, हे कळण्यास बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना फोनवर फोन करावे लागले, आणि निम्मे फोन भिजलेले होते.

स्वतःच्या नावाचा ई-मेल हा या सर्वांतला मला सर्वांत दुर्लक्षित वाटणारा भाग. डोमेन घेतले की त्याच नावाचा ई-मेल-पत्ता करता येतो. परदेशातील खरेदीदार पहिली गोष्ट हीच पाहतो. कंटेनरभर मालाची बोलणी करणारी पेढी फुकटच्या ई-मेलवरून लिहिते, तेव्हा तो मनातून एक पाऊल मागे सरतो. आपण तरी काय करतो? लेटरहेडशिवाय आलेल्या पत्रावर उधारी देत नाही. पाकीटबंद मालावर तक्रारीसाठी संपर्काचा तपशील छापणे वजनमापांच्या नियमांनुसार आवश्यक आहेच. तेथे मुलाचा खासगी ई-मेल छापण्यापेक्षा पेढीचा छापलेला केव्हाही शोभतो, आणि मुलगा उद्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला तरी तो पाकिटावर राहतो.

याचा अर्थ बाजारपेठेची ॲप सोडावीत, इन्स्टाग्राम बंद करावे, असा मुळीच नाही. बाजार जेथे भरतो तेथे माल न्यावाच लागतो. फक्त बाजारातून परतल्यावर जाण्यासाठी घर असावे. आणि प्रत्येकाला वेबसाइट हवीच, असेही मी म्हणणार नाही. ज्यांचे किराणा दुकान दोन गल्ल्यांपुरते आहे, गिऱ्हाईक घरच्यासारखे आहे आणि पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात आहे, त्यांनी उगाच खर्च करू नये. मात्र पेढीचे नाव तेवढे नोंदवून ठेवावे. नाव नोंदविण्याचा खर्च वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. जागा आणि मांडणी यांचा खर्च वेगळा; तो पाचपन्नास पानांच्या दिमाखावर घालविण्याऐवजी चारपाच पाने नीट करून घ्यावीत. पेढीचा पत्ता, वेळ, परवाना व जीएसटी क्रमांक, मालाची माहिती, संपर्क. रोजचे भाव लिहिण्याच्या फंदात पडू नये. जुना भाव दिसत राहिला तर तो नसलेल्या भावाहून वाईट. आणि थेट वेबसाइटवरूनच विक्री करायची असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार-निवारण अधिकाऱ्याचे नाव, माल परत घेण्याच्या अटी वगैरे द्याव्या लागतात. ते काम आपल्या कर सल्लागाराला विचारूनच करावे.

देवनागरीत लिहिता येणारी डॉट भारत ही नावे २०१४ पासून मिळतात. मला त्यांचे कौतुक आहे, आणि पेढीचे नाव मराठी अक्षरांत पत्त्यावर पाहताना आनंदही होतो. पण त्या पत्त्याचा ई-मेल अजून सर्व ठिकाणी बिनचूक चालत नाही. म्हणून ते दुसरे नाव म्हणून घ्यावे आणि पहिल्याकडे वळवावे.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगायला मला आजही संकोच वाटतो. आमच्या पेढीची वेबसाइट आम्ही फार लवकर, इतर कोणी करण्याआधी केली होती. करणारा तरुण ओळखीतला, हुशार. नाव त्यानेच नोंदविले, स्वतःच्या ई-मेलवरून, कारण आम्ही त्याला दुसरा ई-मेल दिलाच नव्हता. पैसे आम्ही दिले, पावती खतावणीत चढविली आणि विसरलो. काही वर्षांनी तो परदेशी गेला, जुना ई-मेल त्याने पाहणे सोडले. डॉट कॉम नावाची मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आणि पुन्हा आठवडाभर आधी सूचना पाठविण्याचा नियम आहे; त्या सूचना नियमाप्रमाणे गेल्याही असतील, त्याच्या ई-मेलवर. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर ३० दिवस दंड भरून नाव सोडवून घेता येते, आणि मग ते कोणालाही मोकळे होते. आमच्या ते ध्यानी आले तेव्हा आजोबांच्या नावाच्या पत्त्यावर कसल्याशा जुगाराचे पान उघडत होते. बाहेरगावच्या एका जुन्या अडत्याने फोन करून विचारले, "काय हो, धंदा बदलला की काय?" तो हसत होता. मी हसू शकलो नाही.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. दुकानाचे खरेदीखत गवंड्याच्या नावावर करून ठेवणारा मालक मीच होतो. म्हणून ज्यांना वेबसाइट करावयाची आहे, किंवा केली आहे, त्यांनी आजच एवढे पाहावे, की नावाची नोंद पेढीच्या नावे आहे की करणाऱ्याच्या. आणि त्या खात्याचा ई-मेल व मोबाईल कोणाचा. येथे एक बारकावा आहे. हे खाते ज्या ई-मेलवर असेल तो त्याच डोमेनचा नसावा. कारण नाव बंद पडले की तो ई-मेलही बंद पडतो आणि सूचना वाचायला कोणी उरत नाही. पेढीसाठी वेगळा ई-मेल आणि पेढीच्या नावे घेतलेला मोबाईल क्रमांक असावा. पैसे एकदम चारपाच वर्षांचे भरावेत. आणि या सगळ्याचे संकेतशब्द एकट्या मुलाच्या डोक्यात नकोत, सीलबंद पाकिटात तिजोरीत हवेत, जेथे विम्याची पॉलिसी असते तेथे.

त्या वाटणीचे काय झाले, ते सांगून थांबतो. तिसरी बैठक वैशाखात झाली. पान मुलीकडेच राहिले, बाजारपेठेचे खाते थोरल्याच्या मुलाकडे. ज्याने जे वाढविले ते त्याचे, हे दोघांनाही पटले. व्हॉट्सॲपचा क्रमांक दिवाणजींनी स्वतः येऊन पेढीच्या नावे करून दिला, आणि वर "अण्णा, हे आधी सांगायचे की हो" म्हणून थोरल्याला रागावलेही. राहिले ते नाव. आजोबांचे नाव दोघांनाही हवे होते, आणि ते दोघांचेही होते. पितळी वजनांसारखे ते एकाने दुसऱ्यापुढे ठेवता येईना. शेवटी थोरल्याच्या पत्नीने तोडगा सुचविला. नाव नोंदवायचे ते जुन्या पेढीच्या नावे, खर्च निम्मानिम्मा, आणि वेबसाइट उघडली की आजोबांचा फोटो, त्याखाली दोन दारे: एक गणपती पेठेतल्या दुकानाचे, दुसरे धाकट्याच्या नव्या जागेचे. गिऱ्हाईकाने हवे ते उघडावे.

त्याच सायंकाळी माझ्यासमोर नोंदणी झाली. नाव शिल्लक होते. १० वर्षांचे पैसे भरले, पुढील नूतनीकरणाची तारीख थोरल्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आणि वही धाकट्यापुढे सरकविली. त्याने ती तारीख आपल्या वहीत उतरवून घेतली, मग सह्या झाल्या.